वादळानंतरची यादी शेवटच्या घरापासून करा

वादळ गेल्यावर पहिले चार दिवस गावातली माणसं फार चांगली वागतात. रस्त्यावर आडवे झालेले माड तोडायला कुणाला हाक मारावी लागत नाही. ज्याच्या ओटीवरची कौलं शाबूत असतील त्याच्याकडे शेजारची दोन-तीन बिऱ्हाडं झोपतात, आणि बांधावरून वर्षानुवर्षं न बोलणारे भाऊ एकाच ताडपत्रीची दोन टोकं धरतात. हे कुणाला शिकवावं लागत नाही, म्हणून त्यावर मी काही लिहीत नाही. पुढे नाक्यावर मदतीचा टेम्पो येतो, पंचनाम्याची वही घेऊन तलाठी उतरतात, आणि कुणाचं नाव लागलं, कुणाचं राहिलं यावरून तीच माणसं एकमेकांना टाळायला लागतात. त्याच्या आत काय काय करून घ्यायचं ते सांगते.

मी श्रीवर्धन तालुक्यातली. अंगणवाडी सेविका होते. ३ जून २०२० ला दुपारी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं तेव्हा टाळेबंदी होती, मुंबईहून आलेले चाकरमानी शाळेत विलगीकरणात होते, आणि त्याच शाळेत किनाऱ्यावरची कुटुंबंही हलवायची होती. त्याच्या आधी २००९ चं फयान झालं होतं. नंतर २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते आलं आणि जुलैत महाड-चिपळूण बुडालं. दर वेळी सरकारी रकमा बदलल्या, अर्जांचे नमुने बदलले, भांडणं मात्र तीच राहिली. त्यामुळे पुढचं वादळ कुठल्याही नावाने आलं तरी यातलं बरंचसं लागू पडेल.

घर नंबर नको, चुली मोजा

यादी मे महिन्यात करायची. वादळ झाल्यावर यादी करायला बसलात तर जो जवळ उभा असेल त्याचं नाव आधी लागतं.

ग्रामपंचायतीकडे घरपट्टीची यादी असते, तलाठ्याकडे खातेदारांची, रेशन दुकानात कार्डांची. या याद्यांत माणूस दिसायला त्याच्या नावावर काहीतरी असावं लागतं. अंगणवाडीच्या सर्वेक्षणाची वही वेगळी. गरोदर बाई आणि सहा वर्षांखालचं मूल शोधत सेविका दारोदार फिरते, तेव्हा सातबारा कुणाचा हे ती विचारत नाही. म्हणून सुरुवात त्या वहीपासून करा. मात्र वही मागून नेऊ नका, सेविकेलाच सोबत घ्या. वहीत जेवढं असतं त्याच्या दुप्पट तिच्या डोक्यात असतं.

घर नंबरावर जाऊ नका. एका नंबराखाली तीन चुली असतात. सासऱ्याच्या नावाचं घर, पडवीत वेगळी राहणारी विधवा सून, मागच्या पत्र्याच्या खोलीत धाकटा मुलगा. घर पडलं की मदत एका नंबराला एक, आणि ती सासऱ्याच्या खात्यावर जाते. आमच्याकडे अशा सुना कमी नाहीत. यादीत प्रत्येक चुलीला स्वतंत्र ओळ द्या, आणि त्या ओळीत तिथे स्वयंपाक करणाऱ्या बाईचं नाव लिहा. पुरुष मुंबईला असतो किंवा बोटीवर. वादळाच्या दिवशी घरात कोण होतं हे बाईच्या नावावरूनच कळतं.

मग जे हमखास राहतात त्यांना शोधा. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर, कोळशाच्या कामावर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. एप्रिलमध्ये यादी केलीत तर त्यांची झोपडी बंद दिसेल आणि तुम्ही ‘कायम बंद’ लिहून मोकळे व्हाल. बागेची राखण करणारं नेपाळी जोडपं. बंदरावर बोटीतच राहणारे परगावचे खलाशी. भाड्याने राहणाऱ्या नर्सबाई. आणि एकटी म्हातारी माणसं, ज्यांची मुलं मुंबईहून फोन करून ‘आईचं सगळं ठीक आहे’ सांगतात.

गावकीबद्दल, म्हणजे गावचा कारभार बघणाऱ्या जुन्या मंडळाबद्दल, थोडं स्पष्ट बोलते. देवळाची मोठी भांडी, सतरंज्या, शिल्लक पैसा हे सगळं गावकीकडे असतं, आणि संकटात पहिली हाक तिलाच जाते. ते बरोबरच आहे, कारण रात्री दोन वाजता पंचवीस तरुण गोळा करणं तिलाच जमतं. पण तिच्या वहीत वर्गणी भरणाऱ्यांची नावं असतात. बाया तिच्या बैठकीला बसत नाहीत. आणि कुणाला वाळीत टाकलं असेल तर ते घर त्या वहीत नसतंच. रायगड जिल्ह्यातली वाळीत टाकण्याची प्रकरणं पेपरांतून गाजली आहेत. राज्याने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा स्वतंत्र कायदाही केला आहे. गावाची एकी म्हणून जिचं कौतुक करतो तिने कुणालातरी बाहेर ठेवलेलं असतं, हे यादी करणाऱ्याला ठाऊक असलं पाहिजे. भांडी गावकीची घ्या, वही आपली ठेवा.

यादीच्या तीन प्रती हाताने लिहा. मोबाइलमध्ये ठेवून भागत नाही. निसर्गनंतर टॉवर पडले होते आणि वीज यायला कित्येक आठवडे लागले. फोन चार्ज करायला जनरेटरवाल्याकडे रांग लावून पैसे मोजावे लागत होते.

पाणी आणि जेवण

वीज गेली की पाणीही जातं, कारण सगळ्यांच्या विहिरींवर पंप बसलेले. रहाटाची जुनी विहीर एखाद्याच आगरात, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागेत, उरलेली असते. मालक चांगला असला की म्हणतो, ‘या, कधीही भरा.’ त्यावर सोडू नका. ‘कधीही’ म्हणजे ज्याला संकोच नाही त्याने सकाळी भरायचं, आणि बौद्धवाडीतल्या, कातकरवाडीतल्या बायांनी अंधार पडल्यावर. महाड आमच्यापासून लांब नाही. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर जे घडलं त्याचा वर्धापनदिन इथे दर वर्षी होतो, भाषणं होतात. विहिरीवरच्या पाळ्या मात्र कुणी लिहीत नाही. तुम्ही लिहा. कागदावर वाड्यांची नावं आणि वेळा, पहिली पाळी सगळ्यात लांबच्या वाडीची, आणि कागद मालकाच्याच हाताने विहिरीशेजारच्या भिंतीला चिकटवा. मालकालाही सोपं जातं. कुणी तक्रार केली की तो कागदाकडे बोट दाखवतो.

जेवण एकत्र करायचं असेल तर पहिला नियम असा की गावातल्या मोठ्या घरांनीही तिथेच जेवायचं. त्यांचीही कौलं उडालेली असतात, त्यांच्याही चुलीत पाणी असतं, पण ते शिधा पाठवतात आणि स्वतः घरी स्टोव्हवर काहीतरी करतात. मग त्या जेवणाचं अन्नछत्र होतं आणि तिथे जाणाऱ्याला गरीब म्हणवून घ्यावं लागतं. आमच्याकडे एका वयस्कर बागायतदारकाकांना मी स्वतः जाऊन सांगितलं, काका, तांदूळ नका देऊ, ताट घेऊन या. ते आले. त्यानंतर कुणाला बोलवावं लागलं नाही.

भांडी देवळाची आणि मोठ्या डेगी मुसलमान मोहल्ल्यातल्या, असं केलंत तर शिजवणारेही दोन्हीकडचे येतात. मटणमच्छी करू नका, त्यावरून नको ते सुरू होतं. डाळभात, पेज आणि लोणचं पुरेसं आहे. सुकट ज्याला हवी त्याने घरून आणावी. वाढायला मात्र माणसं रोज बदला आणि त्यांत प्रत्येक वाडीचं कुणीतरी ठेवा. शिजवण्यापेक्षा वाढण्यात मान असतो, आणि नेमकं तिथेच जुनं सगळं डोकं वर काढतं. ‘आज तुम्ही फक्त भांडी घासा’ हे वाक्य दोनदा एकाच वाडीच्या वाट्याला आलं की समजायचं, बिघडायला लागलं.

आठवडाभराने लोक म्हणतात, आता पुरे, ज्याने त्याने आपापलं बघावं. इतक्यात बंद करू नका. निदान पंचनामे होईपर्यंत चालवा. अलिबागजवळच्या चरीचा शेतकऱ्यांचा संप १९३३ ला सुरू झाला आणि १९३९ पर्यंत चालला. नारायण नागू पाटील पुढारी होते, आणि खोतांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, जमिनी कसायच्या नाहीत असं कुळांनी ठरवलं होतं. शेत बंद म्हणजे भात बंद. त्यांनी रानातली लाकडं विकून वर्षं काढली. पोटाची काहीतरी तजवीज झाली म्हणून ते ताठ उभे राहू शकले. घरात चूल पेटत नसेल तर माणूस पंचनाम्याच्या कागदावर काय लिहिलंय ते न वाचता सही करतो.

पंचनामा

इथे वेळ द्या. बाकी सगळं थोडं इकडेतिकडे झालं तरी चालेल.

पंचनाम्याला तलाठी, ग्रामसेवक आणि शेतीचं नुकसान असेल तर कृषी सहायक येतात. या पदांची नावं अलीकडे बदलली, गावात जुनीच चालतात. एकेका माणसाकडे कितीतरी गावं असतात, त्याच्या स्वतःच्या घराचे पत्रे उडालेले असतात, तेव्हा त्याला शत्रू समजू नका. पण तो गाडी थांबते तिथून सुरुवात करतो हे खरं. नाक्यावरची पक्की घरं, मग देवळाजवळची, मग चहा. वरच्या वाडीला पोचेपर्यंत चार वाजतात आणि आभाळ भरून येतं. त्यावर उपाय साधा आहे. नाक्यावर दोन जाणती माणसं उभी करा आणि त्यांनी सांगायचं, ‘भाऊसाहेब, आधी वर शेवटच्या घरापर्यंत जाऊ, येताना उतरत उतरत सगळं होईल.’ चहा वरच ठेवा. आमच्याकडे या एका गोष्टीने जेवढा फरक पडला तेवढा निवेदनांनी पडला नाही.

ते यायच्या आधी झाडं तोडू नका. रस्त्यावरची तोडा, आगरातली राहू द्या. प्रत्येक पडलेल्या बुंध्यावर गेरूने नंबर घाला, पोफळी म्हणजे सुपारीची झाडं वेगळी, माड वेगळे, आणि फोटोत एक ओळखीचा माणूस व मागे घर किंवा विहीर अशी जागेची खूण येऊ द्या. नुसत्या आडव्या झाडांचे फोटो सगळ्या आगरांचे सारखेच दिसतात.

नंबर कशाला, तर मोजमापाचा प्रश्न असतो म्हणून. निसर्गच्या वेळी केंद्राच्या निकषाने फळबागेला हेक्टरी १८,००० रुपये होते, तेही दोन हेक्टरपर्यंत आणि नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असेल तरच. राज्याने ते हेक्टरी ५०,००० केले. ऐकायला बरं वाटतं. पण हेक्टर म्हणजे जवळजवळ शंभर गुंठे, आणि आमच्याकडे आगरं गुंठ्यांत असतात. पाच गुंठेवाल्याला हिशोबाने अडीच हजार. त्या पाच गुंठ्यांत साठ-सत्तर पोफळी सहज, मधून माड, खाली जायफळ आणि मिरी. पडलेली झाडं नुसती बाहेर काढायलाच याहून जास्त मजुरी लागली. नवी पोफळ लावल्यावर फळ धरायला सहा-सात वर्षं जातात. किनारपट्टीभर ओरड झाली आणि पुढे राज्याने झाडामागे दर काढला, पोफळीला ५० आणि माडाला २५० रुपये. रक्कम तशी काही मोठी नव्हे. पण गुंठेवाल्याचं नुकसान एकदाचं झाडांत मोजलं गेलं. बुंध्यावर नंबर आणि हातात फोटो असलेल्या गावाला अशा वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. ही मागणी मोठ्या बागायतदाराने एकट्याने करण्यात अर्थ नाही, आणि गुंठेवाल्याचं एकट्याचं कुणी ऐकत नाही. दोघांच्या सह्या एका कागदावर घ्या. एरवी हे दोघे एका बाकावर बसत नाहीत, त्या आठवड्यात बसतात.

सामाईक सातबारा हे कोकणातलं दुसरं दुखणं. उताऱ्यावर अकरा नावं, त्यांतली सात मुंबईत, दोन वारलेली, आणि पैसे काढायला सगळ्यांची संमती. वादळानंतर ही संमती गोळा करायला निघालात तर जुने हिशोब निघतात. गणपतीत किंवा शिमग्याला सगळे घरी असतात तेव्हाच एका कागदावर लिहून घ्या की नैसर्गिक आपत्तीची मदत प्रत्यक्ष कसणाऱ्याच्या खात्यावर जावी. आरती झाल्यावर, प्रसादाच्या आधी. नंतर माणसं पांगतात.

दुसऱ्याच्या जागेत घर असलेल्यांचं काय, हा सगळ्यात अवघड भाग. कातकऱ्यांच्या झोपड्या पिढ्यान् पिढ्या कुणाच्यातरी वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या, जमिनीत असतात. घरपट्टीचा उतारा नाही म्हणून पंचनामाच होत नाही. तलाठ्याला सांगा की पंचनामा पडलेल्या घराचा करायचा आहे, मालकीचा निवाडा करायचा नाही. रेशनकार्ड, मतदारयादीतलं नाव, वीजबिल असेल तर ते, आणि ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला जोडा. पंच म्हणून सही करायला त्याच वाडीतला माणूस उभा करा. खालच्या आळीतले तेच ते दोन प्रतिष्ठित पंच सगळीकडे सह्या करत फिरले की वरच्या वाडीत काय पडलं हे त्यांनाही नीट सांगता येत नाही. जमीनमालक कधी कधी घाबरतो की पंचनाम्यात नाव आलं तर जागेवर हक्क सांगतील. त्याच्याशी आधी बोलून ठेवा, सगळ्यांसमोर त्याची शोभा करू नका.

कायद्याचं थोडं पाठ असू द्या. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५. त्याचं कलम ६१ सांगतं की मदत आणि भरपाई देताना लिंग, जात, समाज, वंश किंवा धर्म यांवरून भेदभाव करता येणार नाही. कलम १२ मध्ये निवारा, अन्न, पिण्याचं पाणी, औषधोपचार, स्वच्छता यांचे किमान निकष ठरवायला सांगितलेत, विधवा आणि अनाथांसाठी खास तरतुदी करायला सांगितल्यात, आणि उपजीविकेचं साधन पुन्हा उभं करण्यासाठी साहाय्याचाही उल्लेख आहे. कलम ५२ खोटा दावा करून मदत लाटणाऱ्याला शिक्षा सांगतं. हे कलम मी कुणाविरुद्ध वापरलं नाही, पण यादी वाचायच्या आधी मोठ्याने वाचून दाखवलं. मग दोन नावं आपोआप कमी झाली.

वाचन म्हणजे काय, तर पंचनाम्यांची यादी तहसीलला जायच्या आधी ती वाड्यावाड्यांत उभं राहून वाचायची. चावडीवर एकदा वाचून भागत नाही, कारण चावडीवर बाया मागे उभ्या राहतात आणि बोलत नाहीत. प्रत्येक नावापुढे फक्त एवढं विचारायचं, ‘बरोबर?’ कुणावर आरोप करायचा नाही. ज्याच्या घराचा एक पत्रा वाकलाय त्याने ‘पूर्ण पडलं’ लिहिलं असेल तर त्याच्या शेजाऱ्यांसमोर ‘बरोबर?’ विचारलं की तोच म्हणतो, अहो, ते अंशतः करा. यादीची नक्कल मागून ठेवा. मिळाली नाही तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा. फी १० रुपये, मुदत ३० दिवसांची. मुदत संपायच्या आत उत्तर आलं नाही तर अपील करा.

ज्यांचा पंचनामा होतच नाही

पोफळी पडल्या तर बागायतदाराचं नुकसान झालं असं आपण म्हणतो. सुपारी सोलायला घरोघर बसणाऱ्या बायांचं काय? आगर पडल्यावर पुढची कित्येक वर्षं त्यांच्या पुढ्यात सुपारी येणार नाही. माडावर चढणारा पाडेली, बोट मोडल्यावर रिकामा बसलेला खलाशी, बोट गेली नाही म्हणून टोपली रिकामी असलेली कोळीण. भरपाई बोटीच्या मालकाला, आगराच्या मालकाला. यांचं काहीच पडलेलं नाही, मग पंचनामा कशाचा करणार?

म्हणून दुसरी यादी करा: काम बुडालेल्यांची. नाव, काय काम, कुणाकडे, दिवसाला साधारण किती मिळायचं, आणि ते काम परत कधी सुरू होईल. खाली मालकाची सही घ्या. मालक सही करतात, कारण त्यांच्या खिशातून काही जात नाही आणि मदतनीस गाव सोडून जाऊ नये असं त्यांनाही वाटतं. सरकारकडून या यादीवर आमच्याकडे काही मिळालं नाही, हे सांगून टाकते. पण मुंबईतल्या गावकऱ्यांच्या मंडळाने पैसे पाठवले तेव्हा ते कुणाला द्यायचे हा वाद झाला नाही. दुसरी यादी तयार होती.

टेम्पो

टेम्पो नाक्यावर थांबू देऊ नका. नाक्यावर थांबला की जो धावू शकतो त्याला मिळतं. त्याला वर पाठवा आणि यादीप्रमाणे चुलीमागे एक द्या. फोटो वाटणाऱ्यांचे काढा, घेणाऱ्यांचे नको, हे नम्रपणे पण आधीच सांगा. एका संस्थेने त्यावरून माल परत न्यायची भाषा केली, आम्ही ‘न्या’ म्हटलं, त्यांनी ठेवला.

जुने कपडे नको म्हणा. हवं ते नावानिशी सांगा: ताडपत्री, सिमेंटचे पत्रे, जे-हुक, खिळे, दोर, मेणबत्त्या, टॉर्च, सॅनिटरी पॅड, म्हाताऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या. पत्रे आले तरी चढवणारा नसतो. तेव्हा सुतारांचे आणि वर चढणाऱ्या पोरांचे गट करा आणि छपरांचा क्रम ठरवा. तान्हं मूल, एकटी म्हातारी, बाळंतीण, आजारी माणूस असलेली घरं आधी. पैसे देऊन लवकर करून घेणारे असतील, त्यांच्याकडून मजुरी जरूर घ्या, पण क्रमात त्यांच्या जागेवरच.

चाकरमान्यांवरून ओढाताण होईल. ‘आजार तुम्ही आणलात’ असं करोनाच्या त्या वर्षी तोंडावर बोलणारेही होते. शाळेत अडकलेल्या त्याच पोरांनी विलगीकरण संपल्यावर छपरं शाकारली. एवढं पुरे.

ग्रामसभा आणि कागदावर काय उतरवायचं

पावसाळा संपायच्या आत ग्रामसभा घ्या. आधी महिलांची सभा असते, ती कागदोपत्री उरकू देऊ नका. चुलींची यादी तिथेच पक्की होते.

‘वादळग्रस्तांना भरीव मदत मिळावी’ असला ठराव करू नका. तो कुणी वाचत नाही. काय, कुणाला, कुणी, कधीपर्यंत, हे चारही लिहा. नुकसान झाडांनुसार मोजावं. अमुक वाडीतल्या अमुक कुटुंबांच्या घरांची नोंद ग्रामपंचायतीच्या दप्तरी घ्यावी आणि ती नवराबायको दोघांच्या नावाने असावी. आगरांची सफाई आणि फेरलागवड रोजगार हमीतून मिळावी, म्हणजे मालकाचं आगरही साफ होतं आणि मजुराला कामही मिळतं.

यावर आमच्या ग्रामसभेत एकाने विचारलं, ‘वादळ सरलं, आता काय कायदे करत बसायचे?’ त्याला मी १९७२ ची गोष्ट सांगितली. त्या दुष्काळात घाटावर लाखो माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडत होती. मागेल त्याला काम द्यावं ही विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांची कल्पना त्याआधीची, पण दुष्काळाने ती राज्यभर नेली. पाऊस पडला, दुष्काळ सरला, तरी लोकांनी आणि काही पुढाऱ्यांनी ती सोडली नाही. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला, आणि खर्चासाठी नोकरदारांच्या पगारातून १९७५ पासूनच व्यवसाय कर कापला जात होता. दादरच्या कारकुनाच्या पगारातून सोलापूरकडच्या बाईची मजुरी निघू लागली, आणि तीही पावसाच्या वर्षी. त्याच योजनेला जोडून १९९० पासून फळबाग लागवड आली आणि कोकणातल्या वरकसांवर आंबा-काजू उभा राहिला. विचारणाऱ्याच्या वडिलांची काजूची बाग त्यातलीच होती. तो गप्प बसला नाही, पण ठरावाला हात वर केला.

सगळं झालं असं नाही. नवराबायकोच्या नावाची नोंद बऱ्याच घरांची झाली. कातकरवाडीच्या जागेचा प्रश्न अजून तहसीलच्या फायलीत आहे, आणि त्यासाठी दर ग्रामसभेला आम्ही तोच ठराव पुन्हा मांडतो, मागच्या ठरावाचा क्रमांक घालून. कंटाळा येतो. क्रमांक मात्र घालाच, नाहीतर प्रत्येक नवा अधिकारी विषय नव्याने सुरू करतो.

शिल्लक पैशाचं

मदतीतून थोडेफार पैसे उरतातच. हिशोब फळ्यावर लिहा, खाली लिहिणाऱ्याचं नाव घाला, आणि पाऊस लागणार नाही अशा जागी फळा ठेवा. पैसे वाटून टाकू नका, माणशी शंभर रुपये येतात आणि भांडण हजाराचं होतं. वस्तू घ्या.

आमच्याकडे झाड कापायचं पेट्रोलवरचं मशीन घेतलं. ते ठेवायचं कुठे यावर सभा बरीच लांबली. देवळात, ग्रामपंचायतीत, एका बागायतदाराच्या पडवीत, असं सगळं सुचवून झालं. शेवटी ज्याला ते चालवता येतं आणि साखळीला धार लावता येते त्याच्याकडे ठेवायचं ठरलं. तो कातकरवाडीतला आहे. मशीन हवं असेल त्याने वर जाऊन सांगायचं, पेट्रोल आपलं आणायचं आणि त्याची दिवसाची मजुरी त्याच दिवशी द्यायची. वादळाच्या काळात मजुरी घ्यायची नाही, रस्ते आधी, मग घरावर पडलेली झाडं, मग आगरं. भाड्याची वही त्याची बायको लिहिते. मे महिन्यात एकदा तेल बदलून, साखळी तपासून, चालू करून बघायचं आणि त्याच दिवशी चुलींची यादी पुन्हा फिरून दुरुस्त करायची.